गट क्रमांकापासून फोटोपर्यंत

ऑगस्टमध्ये कर्जतच्या शेतात उभे राहून मोबाइल वापरणे ही कसरतच असते. लावणी उरकलेली, बांध निसरडे, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातातल्या फोनच्या काचेवर पावसाचे थेंब. बोट ठेवावे एकीकडे आणि उघडावे भलतेच. नेमक्या याच दिवसांत खरिपाची ई-पीक पाहणी असते. ॲप उघडायचे, खातेदाराचे नाव निवडायचे, चार अंकी सांकेतांक टाकायचा. मग खाते क्रमांक, गट क्रमांक, हंगाम, पिकाचा वर्ग, पिकाचे नाव, क्षेत्र, सिंचनाचे साधन, लागवडीची तारीख. सगळे भरून झाले की पिकाचा फोटो. फोटोसाठी कॅमेरा उघडतो. कॅमेऱ्यातून परत येईपर्यंत आधी भरलेली सगळी माहिती कुठेतरी सांभाळून ठेवावी लागते.

ती कुठे ठेवायची, हा प्रश्न शेतकऱ्याला पडायचे कारण नाही. ॲप लिहिणाऱ्याला मात्र तो पहिल्याच दिवशी पडायला हवा. अनेकांना तो पडतो ॲप लोकांच्या हाती गेल्यावर, तक्रारी येऊ लागल्यावर.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा. सातमध्ये जमीन कोणाची ते असते, बारामध्ये त्या जमिनीत काय पिकते ते. हा बारावा नमुना वर्षानुवर्षे तलाठ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, भरला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर हे काम शेतकऱ्याच्या स्वतःच्या मोबाइलवर आले. महसूल विभागाने टाटा ट्रस्टच्या सहकार्याने उभा केलेला हा ई-पीक पाहणी प्रकल्प. १ ऑगस्ट २०२२ रोजी त्याची दुसरी आवृत्ती आली. शेतकऱ्याने भरलेली नोंद स्वयंप्रमाणित मानायची, तलाठ्याने त्यातल्या १० टक्के नोंदी तपासायच्या आणि चूक झाली तर शेतकऱ्याला ४८ तासांत ती दुरुस्त करता यायची, अशी व्यवस्था तिच्यात होती. पुढे फोटो शेतातूनच काढला आहे ना, हेही ॲप पाहू लागले. आता शेताच्या ५० मीटरच्या आत उभे राहावे लागते. पीकविमा, अतिवृष्टीची भरपाई, पीककर्ज, हमीभावाने भाताची विक्री या साऱ्यांत ही नोंद विचारली जाते. त्यामुळे फोनमध्ये मधल्यामध्ये काही हरवले तर फटका थेट घरखर्चाला बसतो.

त्यात कर्जत आणि शेजारचे खालापूर हा मुलूखही मोबाइलला सोयीचा नाही. कर्जत स्टेशनात किंवा खालापूरच्या टोलनाक्याजवळ रेंजची चिंता नसते. मुंबई-पुणे रेल्वे एका तालुक्यातून जाते, द्रुतगती मार्ग दुसऱ्यातून. पण या वाटा सोडून आत वळले की चित्र बदलते. कोथळीगडाच्या किंवा ढाकच्या पायथ्याला, माथेरानच्या उतारावरच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांत, इर्शाळगडाच्या बाजूला, डोंगर आडवा येतो आणि फोनवरच्या रेघा एकेक करून मावळतात. घराजवळच्या खाचरात थोडीफार रेंज असली, तरी नाचणी-वरीची वरकस जमीन वर माळावर असते. फोटो तिथूनच काढायचा असतो.

म्हणूनच अशा कामात काही बिनसले की सगळे एकमुखाने म्हणतात, ‘रेंज नव्हती’. आणि कार्यालयातले म्हणतात, ‘लोकांना ॲप वापरता येत नाही’. दोन्ही कारणे कधीकधी खरीही असतात. पण भरलेली माहिती नाहीशी होण्याचा मोठा भाग रेंजशी संबंधित नसतोच. तो घडतो फोनच्या आतल्या आत, एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर जाताना, इंटरनेटची गरज लागण्याच्या कितीतरी आधी.

ॲप बाहेरून सलग दिसत असले, तरी जुन्या पद्धतीच्या अँड्रॉइड ॲपमध्ये प्रत्येक पडदा हा जवळजवळ स्वतंत्र कार्यक्रम असतो. गट क्रमांक विचारणाऱ्या पडद्याला पीक विचारणाऱ्या पडद्याची ओळख नसते. पहिल्याने दुसऱ्याला माहिती द्यायची तर ती बांधून, यंत्रणेच्या हाती सोपवून पाठवावी लागते. या पार्सलाला इंटेंट म्हणतात. नाव, आकडे, तारीख अशा बारीक गोष्टींसाठी ही सोय उत्तम आहे. पण पार्सलाच्या आकाराला मर्यादा आहे. अँड्रॉइडमध्ये अशा सगळ्या देवघेवीसाठी एका ॲपला मिळून सुमारे १ एमबी जागा मिळते. साध्या फोनच्या कॅमेऱ्यातला एक फोटोसुद्धा सहज याच्या काही पट भरतो. नवशिका प्रोग्रॅमर उत्साहात फोटोच पार्सलात कोंबतो आणि ॲप तिथेच बंद पडते. जाणता प्रोग्रॅमर फोटो फोनच्या साठवणीत ठेवतो आणि पुढच्या पडद्याला फक्त त्याचा पत्ता कळवतो.

हा झाला पुढे जाण्याचा मामला. खरी पंचाईत परत येताना होते.

ऑक्टोबर २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन, टी-मोबाइल जी-वन, बाजारात आला तेव्हा त्याची रॅम होती १९२ एमबी. एवढ्याशा जागेत फोन, संदेश, नकाशे आणि बाकीची ॲप नांदवायची होती. म्हणून अँड्रॉइड घडवणाऱ्यांनी एक कठोर नियम केला. वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नसलेले कोणतेही ॲप, जागा कमी पडली तर, न विचारता बंद केले जाईल. ही गफलत नव्हे, मुद्दाम केलेली रचना आहे. आयफोनही तेच करतो. बंद करण्याआधी यंत्रणा ॲपला एक संधी देते, थोडक्यात लिहून ठेवायचे असेल तर ठेवा म्हणते. ही छोटी चिठ्ठी यंत्रणा स्वतःकडे सांभाळते आणि वापरणारा परत आला की ॲपच्या हाती देते. ॲपने चिठ्ठीत काहीच लिहिले नसेल तर परत आलेल्या माणसाला कोरा अर्ज दिसतो. कधी अर्जही दिसत नाही, ॲपचे पहिले पान दिसते. ‘पुन्हा पहिल्यापासून भरा’ असे म्हणायची पाळी येते ती इथे.

आता शेतातला क्रम पुन्हा पाहावा. माहिती भरून झाली, कॅमेरा उघडला. कॅमेरा हे फोनमधल्या सर्वांत खादाड ॲपपैकी एक. तो उघडताच मागे गेलेल्या ॲपची जागा यंत्रणेला हवी होते. १२ जीबी रॅमच्या फोनमध्ये दोघेही सुखाने राहतात. दोन जीबीच्या फोनमध्ये कोणाला तरी जावे लागते आणि जाते ते अर्ध्यावर थांबलेले ॲप. फोटो काढण्याच्या त्या काही सेकंदांत अर्जाचा निकाल लागतो. पुण्या-मुंबईच्या कार्यालयात महागड्या फोनवर ॲप तपासणाऱ्याला हा प्रकार वर्षभर दिसला नाही, तर नवल नाही.

फोन आडवा केला तरीही असेच, फक्त सौम्य, संकट येते. अँड्रॉइड सहसा आडव्या फोनसाठी पडदा मोडून नव्याने उभा करतो. त्या उलथापालथीत अर्धवट भरलेले रकाने पुसले जात. गूगलने २०१७ च्या आपल्या वार्षिक परिषदेत यावर व्ह्यूमॉडेल नावाची सोय आणली. पडदा मोडला तरी त्यामागची माहिती वेगळ्या ठिकाणी जिवंत राहते आणि नवा पडदा ती उचलतो. सोय इतकी छान की बऱ्याच जणांना वाटले, प्रश्नच मिटला. तो अर्धाच मिटला होता. फोन आडवा-उभा करण्याने व्ह्यूमॉडेल मरत नाही, पण यंत्रणेने संपूर्ण ॲपच बंद केले तर ते त्याच्यासोबत जाते. रॅममध्ये ठेवलेले सगळे पाटीवर लिहिल्यासारखे असते, पुसले जाणार हे धरूनच चालावे. टिकवायचे ते वहीत उतरवायला हवे.

ही वही बहुतेक फोनमध्ये एकाच जातीची असते आणि तिची जन्मकथा कर्जतच्या शेतकऱ्याला ओळखीची वाटेल. २००० साली रिचर्ड हिप नावाचा अमेरिकी प्रोग्रॅमर तिथल्या नौदलाच्या एका विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर लिहीत होता. त्याच्या सॉफ्टवेअरला लागणारी माहिती वेगळ्या डेटाबेस सर्व्हरवर होती. तो सर्व्हर मधूनच बंद पडे. मग हिपच्या पडद्यावर ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ असा संदेश झळके आणि बोल लागे हिपला, कारण संदेश त्याच्या खिडकीत दिसे. वैतागून त्याने विचार केला की मध्ये सर्व्हर हवाच कशाला, माहिती सरळ त्याच यंत्राच्या डिस्कवरून वाचता-लिहिता येईल. त्यातून एसक्यूलाइट जन्माला आले. कोणीही फुकट वापरावे म्हणून त्याने त्यावरचा हक्क सोडून दिला. आज अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत ते आतच असते. ‘सर्व्हर डाऊन आहे’ या वाक्याचा वीट येऊन तयार झालेली वस्तू प्रत्येकाच्या खिशात आहे आणि तरीही तलाठी कार्यालयाबाहेर तेच वाक्य ऐकू येते, यात थोडा विनोद आहे.

एसक्यूलाइटचा आणखी एक गुण इथे फार कामाचा. ते नोंद करते ती पूर्ण करते, नाहीतर करतच नाही. पीक लिहिले गेले आणि क्षेत्र लिहिता लिहिता बॅटरी संपली, तर फोन पुन्हा सुरू झाल्यावर अर्धवट नोंद उरत नाही. बदल करण्याआधी ते जुन्या स्थितीची नोंद बाजूला ठेवते, काम निर्विघ्न पार पडले तरच ती टाकून देते. श्रावणात दिवसभर वीज नसलेल्या वाडीत, ८ टक्के बॅटरीवर अर्ज भरणाऱ्याला याचा केवढा आधार असतो हे सांगायला नको.

मग वहीत लिहायचे कधी? येथे ॲप बनवणाऱ्यांत दोन मते आढळतात. काही जण शेवटच्या ‘पुढे’ बटणापर्यंत थांबतात, कारण अर्धवट नोंदींचा पसारा नको. काही जण प्रत्येक रकाना भरला की लगेच लिहितात. कर्जत-खालापूरसारख्या भागासाठी दुसराच मार्ग बरोबर, यात फारशी शंका नाही. पसारा नंतर आवरता येतो, गेलेली माहिती परत आणता येत नाही. निदान कॅमेरा उघडण्याआधी तरी सगळे लिहून व्हायलाच हवे.

जपण्याचा अतिरेकही त्रासदायक ठरतो, हे मात्र सांगायला हवे. वाडीत एकच चांगला फोन असतो आणि त्यावरून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नोंदी होतात. ई-पीक पाहणीतही एका फोनवरून अनेक खातेदारांची माहिती भरता येते. ज्यांच्या नोंदी राहून जातात त्यांच्यासाठी नेमलेला गावातला सहायक तर दिवसभर हेच करतो. अशा फोनमध्ये आधीच्या खातेदाराचा गट क्रमांक पुढच्याच्या अर्जात तसाच राहिला तर एकाचे भात दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर चढेल. म्हणून माहिती जपताना ती कोणाची, कुठल्या गटाची, कुठल्या वर्षाची आणि कुठल्या हंगामाची, ही ओळख तिला चिकटवून ठेवावी लागते.

यात हंगाम विसरून चालत नाही. भिवपुरीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. वीज करून सोडलेले पाणी पेज नदीत येते आणि राजनाल्याच्या कालव्यातून कर्जतच्या शेतांत खेळते. त्या पट्ट्यात उन्हाळ्यातही भात होते. त्याच गटात, त्याच खातेदाराचे, तेच पीक वर्षातून दोनदा. फक्त गट क्रमांकावरून जुनी नोंद शोधणारे ॲप इथे हमखास फसेल आणि खरिपाच्या नोंदीवर उन्हाळी नोंद लिहून मोकळे होईल. भाताच्या संशोधनासाठी १९१९ पासून केंद्र असलेल्या, ज्याच्या नावाचे कर्जत-३, कर्जत-७ असे वाण कोकणभर लावले जातात, त्या तालुक्यात तरी ही चूक शोभणार नाही.

नोंद फोनमध्ये सुखरूप बसली की ती सर्व्हरवर पोहोचवायची. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये यासाठी ‘अपलोड’ असा वेगळा पर्याय दिलेला होता. शेतात भरा, रेंजमध्ये आल्यावर पाठवा. शेत आणि रेंज या दोन वेगळ्या जागा आहेत हे त्यात मान्य केलेले होते. कल्पना शहाणपणाची, पण तिच्यात एक फट राहते. ‘जतन झाले’ आणि ‘पोहोचले’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे माणसाला कसे कळावे? शेतातून परतलेला, चिखलाचे पाय धुऊन चहाला बसलेला माणूस काम झाले असे समजतो. नोंद फोनमध्येच पडून राहते आणि मुदत निघून जाते. आता अँड्रॉइडमध्ये वर्कमॅनेजरसारखी सोय आहे. रेंज आली की ती स्वतःच पाठवणी करते, मध्ये फोन बंद होऊन चालू झाला तरी विसरत नाही. पण पाठवणी आपोआप होत असली तरी किती नोंदी पोहोचल्या आणि किती राहिल्या हे पहिल्याच पडद्यावर ठळक दिसायला हवे.

पाठवतानाही गंमत होते. माहिती सर्व्हरला मिळाली, पण ‘मिळाली’ हा त्याचा निरोप परत येताना रेंज गेली. फोनला वाटते पोहोचले नाही, तो पुन्हा पाठवतो. एकाच पिकाच्या दोन नोंदी. यावर उपाय सोपा आहे. फोनमध्ये नोंद तयार होतानाच तिला एक एकमेव क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता जुनीचीच पोच द्यायची.

रेल्वेच्या प्रवाशांनी या सगळ्याचा एक सुटसुटीत नमुना आधीच पाहिला आहे. यूटीएस ॲपवर काढलेले लोकलचे कागदविरहित तिकीट फोनमध्ये उतरून राही. कर्जतहून खोपोलीला जाताना पळसदरी-केळवलीच्या मध्ये रेंज गेली तरी तपासनिसाला ते दाखवता येई, इंटरनेट लागत नसे. बॅटरी संपली तर मात्र प्रवासी विनातिकीट धरला जाई. फोनमध्ये माहिती जपण्याची जबाबदारी शेवटी कोणाच्या गळ्यात पडते, ते या नियमावरून दिसते.

हीच जबाबदारी राज्यातल्या अंगणवाडी सेविकांच्या गळ्यात जास्त वजनाने पडली. २०१८ मध्ये पोषण अभियान आले आणि त्यासोबत फोनवरची नोंदवही. पहिले ॲप कॉमकेअर या प्रणालीवर बांधलेले होते. रेंज नसलेल्या गावांसाठीच घडवलेली ही प्रणाली. अर्धवट फॉर्म फोनमध्ये राहत आणि रेंज मिळाली की वर जात. १ मार्च २०२१ ला त्याच्या जागी पोषण ट्रॅकर आला. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभरच्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. ॲप मराठीत नाही ही एक तक्रार होती. दुसरी फोनबद्दल होती. दोन जीबी रॅम, फोन तापतो, अडकतो, त्यावर ॲप धड चालत नाही. वजन-उंचीचे आकडे, गरोदर बाईची नोंद, मुलांची हजेरी असे पडद्यामागून पडदे भरणाऱ्या बाईच्या हातात असा फोन दिला तर काय होते, हे वर कॅमेऱ्याच्या बाबतीत सांगितलेच आहे. त्या आंदोलनाकडे बरेचसे पगाराच्या भांडणाला जोडूनच पाहिले गेले. खरे तर रॅमचा आकडा मागणीपत्रात घालणाऱ्या या बायकांनी दुखण्यावर नेमके बोट ठेवले होते.

तपासणीला फार खर्च येत नाही. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये डेव्हलपरसाठी एक कप्पा असतो. त्यात, नजरेआड झालेला प्रत्येक पडदा तत्काळ मोडून टाकणारा पर्याय आहे. तो चालू करायचा, अर्ज अर्धा भरायचा, कॅमेरा उघडून परत यायचे. पाठोपाठ, ॲप मागे असताना ते मुद्दाम बंद पाडून परत उघडायचे, म्हणजे व्ह्यूमॉडेलच्या भरवशावर राहिलेली ॲपही उघडी पडतात. नंतर फोन विमानाच्या स्थितीत टाकून पाठवणी करून पाहायची. गट क्रमांक, पीक, क्षेत्र जागेवर असले तर ठीक. दोन जीबीचा वापरलेला फोन मिळवणेही अवघड नाही. सरकारी ॲपच्या निविदेत ही चाचणी अट म्हणून घातली गेली, तर वाड्यावस्त्यांतल्या निम्म्या तक्रारी ॲप बाहेर पडण्याआधीच कळतील.

राहतो प्रश्न पुसण्याचा. पोहोचलेल्या नोंदी आणि फोटो फोनमध्येच साचत गेले तर फोन हळूहळू भरतो, आणि जागा कमी पडलेल्या फोनमध्ये नवी नोंदही लिहिली जात नाही. त्यामुळे फोटो फोनमधून काढायचा तो सर्व्हरची पोच आल्यावरच, आणि आकडेवारी निदान ४८ तासांची दुरुस्तीची मुदत संपेपर्यंत ठेवायची. दुरुस्ती करायला बसलेल्या माणसासमोर त्याचाच भरलेला अर्ज उघडला पाहिजे, म्हणजे त्याला फक्त चुकलेले क्षेत्र बदलायचे राहील आणि गट क्रमांक पुन्हा टाकावा लागणार नाही.